वन बीएचके नको

“वन बीएचके? म्हणजे राहायला कोण येणार?”

सोसायटीच्या सभेत काकूंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात द्वेष नव्हता. याच काकू आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर तिच्या उशाशी बसल्या होत्या. प्रश्न त्यांनी अगदी काळजीनं विचारला, आणि म्हणूनच तो मला लागला. आतल्या गल्लीतल्या एका बंगल्याची सून सोसायटीची ना-हरकत मागायला नकाशा घेऊन आली होती. सासरे गेले, दीर परदेशी, बंगल्याची गच्ची गळते, भिंतींना ओल. तिला तो पाडून तीन मजले बांधायचे आहेत आणि प्रत्येक मजल्यावर तीन लहान घरं काढायची आहेत. एकूण नऊ, त्यातली दोन जोडून ती स्वतः राहणार. सभेच्या खोलीत नुकत्याच पुसलेल्या फरशीचा फिनेलचा वास होता. चहाचे कप फिरत होते. “बॅचलर्स येतील.” “भाडेकरू सारखे बदलत राहतील.” “आपल्या गल्लीचा क्लास जाईल.” एकेक वाक्य पडत गेलं. ती बाई नकाशाची गुंडाळी मांडीवर धरून ऐकत होती. मला आठवत होतं ते पुढच्या रस्त्यावरचं सात मजली बांधकाम. मजल्याला एकच फ्लॅट, प्रत्येकाला दोन गाड्यांची जागा. ते याच सोसायटीत, याच खोलीत मंजूर झालं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, राहायला कोण येणार म्हणून. उंचीला आमची हरकत नव्हती, आणि बंगला पाडायलाही नव्हती. हरकत निघाली ती घरांच्या लहानपणाला.

घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. रात्री भांडी आवरताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या दोन खोल्या दिसत होत्या. आता तिथे जुनी मासिकं, मोडका पंखा, वडिलांची सायकल असलं सामान आहे. मंजूर नकाशात त्या खोल्यांवर ‘गाडीखाना’ लिहिलंय. गाडी आमच्याकडे फार उशिरा आली. त्याआधी कितीतरी वर्षं तिथे नर्सबाई राहायच्या, त्यांची म्हातारी आई आणि त्या. सरकारी दवाखान्यात नोकरी, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. रात्रीची पाळी संपवून पहाटे आल्या की अंगणातली खडी त्यांच्या चपलांखाली करकरायची. त्या आवाजाला मी कूस बदलून पुन्हा झोपायचे. थोड्या वेळानं त्यांच्या बंबाचा धूर आमच्या मोरीच्या जाळीतून आत यायचा, ओल्या लाकडाचा, डोळे चुरचुरवणारा. आई तक्रार करायची आणि त्याच दमात मला आंबोळ्यांची ताटली देऊन मागे पाठवायची. वरच्या मजल्यावर एका बँकेतले नवे लग्न झालेले दोघं. गच्चीवरच्या खोलीत सांगलीकडचा एक मुलगा, इंजिनिअरिंगचा, ज्याच्या डब्याला कायम कांद्याची चटणी असायची. म्हणजे बंगला एक, चुली चार. शेजारीही तेच होतं. दुपारी गल्लीतून कुणी गेलं तर चार निरनिराळ्या फोडण्यांचे वास एकाच कंपाउंडमधून यायचे.

मग ती माणसं हळूहळू गेली. त्यात दुष्टावा कुणाचा नव्हता. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडं गोठलेलं आणि एकदा आत आलेला भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या उठत नाही ही मालकांच्या मनातली भीती, त्यामुळे खोली रिकामी झाली की कुलूप लागायचं. १९९९ मध्ये नवा कायदा आला, लीव्ह अँड लायसन्सचे करार रुळले, पण तोवर मागच्या खोल्या वापरायची सवयच मोडली होती. मुलं शिकून बाहेर पडलेली, घरात पैसा आलेला. नर्सबाईंची आई आमच्याच अंगणातून शेवटची गेली. बाई निवृत्त होऊन कोकणात भावाकडे गेल्या. त्या खोलीत नंतर कुणी आलं नाही. आज जर एखादी नर्स आमच्या भागात जागा शोधायला आली तर तिच्या पगारात बसेल अशी एकही खोली या गल्लीत नाही. सकाळी सिरिंज घेऊन घरी येणाऱ्या, म्हाताऱ्यांची ड्रेसिंग करणाऱ्या मुली आता कुठून कुठून दोन बस बदलून येतात. काकूंकडेही तशीच एक येते.

पुण्यातली आमची वस्ती १९६१ नंतरची. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि शहराचा एक भाग पर्वतीच्या पायथ्याकडे, ओढ्यापलीकडे सरकला. वडिलांनी नारायण पेठेतल्या वाड्याची ओल भिंतीवर छातीपर्यंत चढलेली पाहिली होती. सहकारी सोसायटी काढून माळावर प्लॉट घेणं ही त्यांच्या पिढीची मोठी उडी होती. मला त्या पिढीचा अभिमान आहे. पोस्टातले, शाळेतले, बँकेतले लोक, कर्ज काढून, पावसाळ्यात चिखल तुडवत बांधकामावर पाणी मारणारे. पण सोसायटीच्या पहिल्या सभासदांची यादी मी परवा काढून वाचली, कपाटातल्या निळ्या फाइलमधली, कार्बन कॉपीची. आडनावं वाचत गेले तर ती दोन जातींच्या बाहेर जात नाहीत. कुणी तसा नियम केला नव्हता. ओळखीतून ओळख, नात्यातून नातं, तेवढ्यानं काम झालं. काही ठिकाणी तर नियमच असतो. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये वैध ठरवला. आमच्या पोटनियमांत जातीबद्दल अक्षर नाही. आहे ते एवढंच, की एका प्लॉटवर एका कुटुंबाचं घर. त्या एका ओळीनं आणि प्लॉटच्या आकारानं पुढची साठ वर्षं ठरवून टाकलं, इथे कोण परवडू शकेल आणि कोण नाही.

आणि वर पाहिलं की टेकडी दिसते. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे, घराला घर चिकटलेली, पत्र्यांवर दगड ठेवलेली. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी तिथल्या. त्यांच्या अख्ख्या घराएवढी आमची बैठकीची खोली असेल. एकाच टेकडीच्या पायथ्याशी दहा-दहा माणसांना पुरेल एवढ्या अंगणात दोन म्हातारी माणसं, आणि उतारावर एका खोलीत तीन पिढ्या. मावशींचा मुलगा एका मॉलमध्ये कॅशवर आहे, सून शिवणकाम करते. त्या दोघांच्या कमाईत कर्ज काढून लहानसा फ्लॅट बसू शकेल, शहराबाहेर, लांब. इथे, जिथे त्याचं सगळं आयुष्य आहे, तिथे नाही. तो म्हणाला होता, “ताई, वन आरके पण चालेल, पण इकडे कोणी बांधतच नाही.”

का बांधत नाही, याचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होते. आमच्या घराचाही प्रश्न आहेच, त्यामुळे आर्किटेक्टच्या ऑफिसात माझ्या फेऱ्या झाल्या. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. त्यात सगळा खेळ रस्त्याच्या रुंदीचा. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा. तो वाढतो प्रीमियम भरून, किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर मूळ एफएसआय १.१०, वर प्रीमियम नाही, टीडीआर नाही. नऊ मीटर झाला की प्रीमियमचे ०.५० आणि टीडीआरचे ०.४० धरून तो थेट २ वर जातो. १.१० असो की २, त्यावर पैसे भरून आणखी ६० टक्के अ‍ॅन्सिलरी, म्हणजे जिना, बाल्कनी असल्यांसाठीचं जादा बांधकाम. म्हणजे पाचशे चौरस मीटरच्या प्लॉटवर सहा मीटरच्या गल्लीत ८८० चौरस मीटर बांधकाम, आणि त्याच प्लॉटसमोर नऊ मीटरचा रस्ता असेल तर १६००. दीड-दीड मीटर जागा दोन्ही बाजूंनी गेली की जवळजवळ दुप्पट. २०२० मध्येच पुण्यातले सहा मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव महापालिकेच्या स्थायी समितीसमोर आला आणि त्यावर मोठा वाद झाला, तो याच हिशेबापायी. तो दीड मीटर आमच्या गल्लीत कुठून जाणार ते मी मोजलं आहे. फाटक, जाईचा मांडव, आणि वडिलांनी लावलेल्या रायवळ आंब्याचं अर्धं आळं.

आर्किटेक्टनं टेबलावर आमच्या घराचा नकाशा पसरला. महापालिकेत द्यायच्या नकाशात रंग ठरलेले असतात: जे नवं बांधायचं ते लाल, जे पाडायचं त्यावर पिवळ्या तिरक्या रेघा. आमचं अख्खं घर पिवळ्या रेघांत होतं. देवघराचा कोनाडा, कडप्प्याचा ओटा, मोरी, जिन्याखालची अडगळ, आणि मागच्या कोपऱ्यात त्या दोन खोल्या, नर्सबाईंच्या. मी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, की इथे जशा दोन खोल्या होत्या तशी घरं नव्या इमारतीत का नाही काढत? नियमात मनाई आहे का? मनाई नाही, ते म्हणाले. नियमावली चौरस मीटर मोजते, घरं किती काढायची ते मालकानं आणि बिल्डरनं ठरवायचं. मग त्यांनी कागदावर सरळ हिशेब मांडला. प्रीमियम, टीडीआर, अ‍ॅन्सिलरी, सगळं चौरस मीटरवर. घर लहान म्हणून त्यात फारशी सूट नाही. उलट लहान घरं काढली की स्वयंपाकघरं वाढतात, संडास-बाथरूम वाढतात, पाइप वाढतात, बांधकामाचा खर्च वाढतो. विक्रीच्या ऑफिसला नऊ गिऱ्हाइकं गाठायची, त्यापेक्षा तीन बरी. मूळ मालकाला स्वतःसाठी मोठा फ्लॅट हवा असतो. आणि शेजाऱ्यांना पण मोठेच फ्लॅट हवे असतात. परवडणाऱ्या घरांसाठी २० टक्के राखायची अट आहे, ३० ते ५० चौरस मीटरच्या घरांची, पण ती ४००० चौरस मीटर आणि त्यावरच्या जमिनीला. बंगल्याचा प्लॉट त्याच्या जवळपाससुद्धा जात नाही. म्हणजे शहराच्या मधोमध, जिथे दवाखाने, शाळा, बस, मंडई सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे ती अट कधीच लागू होत नाही.

मला हे बोचतं. नियम सैल केले ते घरं वाढावीत म्हणून. आमच्या पुढच्या रस्त्यावर बंगले पडले, इमारती उभ्या राहिल्या, बांधकाम कित्येक पटींनी वाढलं. माणसं किती वाढली? त्या सात मजली इमारतीत सात कुटुंबं. त्यातले दोन फ्लॅट बंदच असतात, मालक बाहेरदेशी. जुन्या बंगल्यात मालक, वरचे भाडेकरू, मागचे भाडेकरू आणि गच्चीवरचे विद्यार्थी मिळून चार चुली होत्याच. मग एवढं सिमेंट ओतून, एवढी झाडं पाडून, शहरानं मिळवलं काय? बंगला आणि टॉवर यांच्यामधलं सगळं आपण पुसून टाकलंय. दोन मजली ब्लॉक, तीन मजली बिनलिफ्टची बिल्डिंग, मागची खोली, वरचा मजला, एका जिन्याला सहा दारं. पुण्यात मध्यमवर्ग तयार झाला तो या घरांमध्ये. आजच्या तरुण जोडप्याला यातलं काहीच मिळत नाही.

माझा भाचा ऑकलंडला असतो. त्या शहरानं २०१६ मध्ये नवा आराखडा लागू केला आणि निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागात जास्त घरं बांधायची मोकळीक दिली. तोवर तिथेही पुष्कळ ठिकाणी एक प्लॉट, एक घर, भोवती हिरवळ असंच होतं. भाचा ज्या घरात राहतो तिथे पूर्वी एक लाकडी घर आणि मागे मोठं परसू होतं. आता त्या जागेवर रांगेतली दुमजली चार घरं आहेत, भिंतीला भिंत लागून, प्रत्येकाला छोटंसं दार आणि खतासाठी हिरवी पेटी. शेजारी निवृत्त बसचालक, पलीकडे नर्स. व्हिडिओ कॉलवर त्यानं मला गल्ली फिरून दाखवली. काही घरं मला बेढब वाटली, काही फारच देखणी. भांडणं तिथेही झाली, ‘परिसराचं रूप जाईल’ हे वाक्य तिथल्या सभांतही बोललं गेलंच. पण एकदम सात मजल्यांवर उडी न मारता एकाची तीन-चार घरं करता येतात, गल्ली रुंद न करता करता येतात, हे मी त्या फोनमध्ये पाहिलं आणि मला आमची सहा मीटरची गल्ली आठवली. तीन मजले तर ती आजच्या नियमातही सोसते.

काकूंच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण त्यांचं सगळंच चूक नाही. ड्रेनेजची लाइन वस्तीइतकीच जुनी आहे. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर पुढच्या रस्त्यावर रांग लावतात. आणि २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथे कुणी विसरलेलं नाही. आंबिल ओढा फुगला, अरण्येश्वर आणि टांगेवाला कॉलनीत माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. दुसऱ्या दिवशी रस्त्यात जाड काळा गाळ होता आणि त्याला कुजलेल्या धान्याचा वास होता. जमीन पाणी पिणार कशी, जर प्रत्येक प्लॉट कडेपर्यंत फरशीनं झाकला? हा प्रश्न खरा आहे. पण तो नऊ लहान घरांना विचारायचा आणि चौदा गाड्यांच्या पार्किंगला विचारायचा नाही, हे मला पटत नाही. अंगणातली माती गेली ती बहुतेक गाड्यांसाठी गेली. आतल्या गल्लीतल्या त्या बाईच्या नकाशात मागच्या बाजूचे दोन नारळ आणि त्यांच्याभोवतीची उघडी माती राखलेली होती. ते सभेत कुणी पाहिलंच नाही. नकाशा पूर्ण उलगडूच दिला नाही.

माझं मन एका बाजूला सरळ झुकत नाही हेही खरं. दुपारी तीन वाजता आमच्या गल्लीत जी शांतता असते, कोतवाल पक्ष्याची शीळ ऐकू येईल एवढी, ती मला जिवापाड प्रिय आहे. तिच्यात मी वाढले. ती जाईल या कल्पनेनं घशाशी काही येतं. पण ही शांतता आपण शेजाऱ्यांची संख्या मोजून राखली असेल, तर तिची किंमत कुणीतरी दुसरं भरतंय, दोन बस बदलणाऱ्या मुली भरतायत, मावशींचा मुलगा भरतोय. सरकारला माझं मागणं एवढंच आहे, की एफएसआय देताना घरं मोजा. अरुंद गल्लीत रस्ता न कापता लहान घरं काढणाऱ्याला प्रीमियममध्ये सूट द्या, आणि मजल्याला एक फ्लॅट बांधणाऱ्याकडून ती भरून घ्या. ४००० मीटरच्या अटीखाली जे सगळे प्लॉट सुटतात त्यांनाही प्लॉटमागे एखाद-दुसरं लहान घर लावा. आणि सोसायट्यांनी ना-हरकत पत्र देताना घराच्या आकारावरून माणसाची पारख करणं बंद करावं. आतल्या गल्लीतल्या बाईला मी माझं लेखी संमतीपत्र दिलं आहे. सोसायटीला आकारावर हरकत घ्यायचा अधिकार कोणत्या नियमात आहे, हेही लेखी विचारलं आहे.

उरलं आमचं घर. माझी ताई ठाण्याला असते, अर्धा हिस्सा तिचा. मी तिला आर्किटेक्टचे दोन पर्याय पाठवले. एकात मजल्याला एक, आम्हा दोघींना मोठे फ्लॅट आणि वर रोख रक्कम. दुसऱ्यात पुढच्या बाजूला आम्हा दोघींची मध्यम घरं आणि मागच्या बाजूला, प्रत्येक मजल्यावर, दोन-दोन लहान. दुसऱ्यात आमच्या वाट्याचं कारपेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा, कमी होतं आणि रोख रक्कम जवळजवळ उरत नाही. ताईचा फोन आला. ती चिडली नव्हती. म्हणाली, “तुझं म्हणणं मला कळतं गं. पण माझ्या मुलीला मुंबईत घर घ्यायचंय, ती रक्कम मी तिच्यासाठी धरली होती. तिलाही परवडत नाहीये.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाची बत्तीस वर्षांची आहे, दोघंही कमावतात, आणि तीही लहान घरच शोधते आहे. मी ताईला म्हटलं, माझ्या हिश्श्यातून तिच्यासाठी काही काढता येईल का ते आर्किटेक्टकडून पुन्हा मांडून घेते. ती म्हणाली, मांडून घे, पण मागची घरं चार कर, सहा नको, आणि आंब्याचं आळं सोड.